दाढ काढून घेण्याआधी : फायब्रोमायल्जिया असणाऱ्यांनी दुखरा जबडा कसा सांभाळावा

सकाळी उठल्यावर गालफडं जड झालेली. कानापुढे ठणका. जांभई देताना कट् असा आवाज. जेवताना दुसरी पोळी नकोशी वाटते ती पोट भरलं म्हणून नव्हे, चावून दमल्यामुळे. फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर जुनाट दुखणं आणि थकवा देणारा आजार, असणाऱ्या कितीतरी जणींना हे रोजचं आहे. पण डॉक्टरांना मान, खांदे, पाठ, कंबर सांगता सांगता जबडा सांगायचा राहून जातो. तो दातांच्या खात्यातला, असं आपण गृहीत धरतो.

मीही धरलं होतं. मी नवी मुंबईत ऐरोलीला राहते, निदान होऊन नऊ वर्षं झाली. दुसऱ्या वर्षी उजवीकडची खालची दाढ ठणकायला लागली. रूट कॅनाल झालं, कॅप बसली, ठणका तसाच. मग तिच्या शेजारची दाढ. तिचंही रूट कॅनाल झालं. मग दुखणं वर सरकलं आणि तिसऱ्या दाढेची तारीख ठरली. त्याआधी दुसरं मत घ्यावं म्हणून एका डेंटल कॉलेजच्या ओपीडीत गेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी दाढेला हात लावायच्या आधी माझ्या गालावर अंगठा ठेवून आतला जाडसर स्नायू दाबला आणि विचारलं, “हेच का ते दुखणं?” हेच होतं. दाढेत उठणारी तीच कळ गालातून आली. तिसरी दाढ वाचली.

त्यानंतर जे शिकले ते क्रमाने लिहिते आहे. एक गोष्ट आधीच सांगते, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. दातात खरोखर कीड, पू किंवा तडा नसेल, आणि खाली दिलेल्या धोक्याच्या खुणांपैकी काही नसेल, तर पहिले सहा ते आठ आठवडे फक्त तेच उपाय करायचे जे उद्या थांबवता येतात. दात तासून चावा (वरचे-खालचे दात जुळण्याची ठेवण) बदलणं, चांगल्या दातांवर कॅप बसवणं, केवळ दुखण्यासाठी तारा लावणं, सांध्याची शस्त्रक्रिया, यातलं काहीही मागे फिरवता येत नाही.

जबडा या आजाराच्या आतलाच आहे

१९९० सालच्या जुन्या निकषांत डॉक्टर अंगावरच्या १८ जागा दाबून बघत आणि त्यातल्या ११ दुखल्या की फायब्रोमायल्जिया म्हणत. २०१० साली अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या सांधे-स्नायूंच्या डॉक्टरांच्या संघटनेने निकष बदलले. आता गेल्या आठवड्यात शरीराच्या १९ भागांपैकी कुठे कुठे दुखलं ते मोजतात, आणि त्या १९ भागांत डावा जबडा आणि उजवा जबडा असे दोन स्वतंत्र रकाने आहेत. तेव्हा पुढच्या वेळी तो फॉर्म हातात आला की तिथे खूण करायला विसरू नका.

आता एक बोट कानाच्या भोकाच्या अगदी पुढे ठेवा आणि तोंड सावकाश उघडा-मिटा. बोटाखाली जे सरकतं तो जबड्याचा सांधा. तो आधी बिजागरीसारखा फिरतो आणि मग पुढे घसरतो. कवटी आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये एक लहान चकती असते. ती थोडी पुढे सरकलेली असेल तर तोंड उघडताना जागेवर येते आणि कट् आवाज होतो. नुसता आवाज, दुखणं नाही, तोंड नीट उघडतंय, अशी स्थिती असंख्य लोकांची असते आणि तिला कसलेही उपचार लागत नाहीत. आवाजाला घाबरून फिरणाऱ्या मैत्रिणी मी पाहिल्या आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगते.

फायब्रोमध्ये त्रास बहुतेकदा सांध्यापेक्षा स्नायूंचा असतो. गालातला मॅसेटर, कानशिलावर पंख्यासारखा पसरलेला टेंपोरॅलिस आणि आतल्या बाजूचे दोन लहान स्नायू. ताणात, थंडीत, अर्धवट झोपेत आपण दात आवळतो आणि हे स्नायू तासन्‌तास कामाला लागतात. वर फायब्रोमध्ये मेंदू आणि मज्जारज्जू वेदनेचा आवाज मोठा करून ऐकवतात. म्हणजे स्नायूवरचा ताण खरा असतो आणि तो वाढवून ऐकणारी यंत्रणाही खरी असते. हे मनाचे खेळ नाहीत. पण त्यामुळेच नुसत्या जबड्यावर उपचार करून भागत नाही, झोप आणि ताण यांच्याकडेही बघावं लागतं. अमेरिकेतल्या ओपेरा नावाच्या मोठ्या पाहणीत निरोगी माणसांवर काही वर्षं लक्ष ठेवलं गेलं. ज्यांचा जबडा पुढे दुखायला लागला, त्यांची झोप दुखणं सुरू होण्याआधीपासूनच हळूहळू बिघडत गेली होती.

पहिलं पाऊल : आरशासमोर दहा मिनिटं

दुखणं कमी असलेल्या दिवशी हे करा, ठणका असताना नको.

स्वतःच्या हाताची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकावर एक अशी उभी धरून समोरच्या दातांमध्ये जातात का बघा. जात असतील तर तोंड साधारण पुरेसं उघडतंय. मोठ्या माणसाचं तोंड सर्वसाधारणपणे ४० मिलिमीटरच्या आसपास किंवा जास्त उघडतं. दोनच बोटं जात असतील तर तसं लिहून ठेवा, तारखेसह. मग तोंड उघडताना हनुवटी सरळ खाली जाते की एका बाजूला ओढली जाते ते पाहा. जिभेच्या कडांवर दातांचे ठसे आणि गालाच्या आत दातांच्या रेषेत पांढरी रेघ दिसते का तेही पाहा. दोन्ही दात आवळण्याच्या खुणा असू शकतात.

मग गाल. दात हलकेच आवळले की जबड्याच्या कोपऱ्यापाशी स्नायू टरारतो. दात सोडा, त्या जागेवर दोन बोटांनी बेताचा दाब द्या आणि पाच-सहा सेकंद थांबा. कळ दाढेत, कानात किंवा कपाळाकडे जाते का? जात असेल तर तो धागा महत्त्वाचा आहे. मॅसेटरचं दुखणं वरच्या-खालच्या दाढांत उमटतं, कानशिलावरच्या स्नायूचं वरच्या दातांत. फायब्रोमध्ये अंगावर कुठेही दाबलं तरी दुखतं, त्यामुळे नुसतं दुखलं एवढ्यावर जाऊ नका. नेहमी होणारं तेच दुखणं उठतं का, हे बघा.

खरी दाढ दुखते तेव्हा सहसा एकच दाढ बोट ठेवून दाखवता येते. गार पाण्याने किंवा गरम चहाने झिणझिण्या येतात आणि चमच्याने टिचकी मारली की तीच दुखते. स्नायूचं दुखणं बोथट असतं, जागा बदलतं, सकाळी किंवा संध्याकाळी ठरलेल्या वेळी वाढतं आणि शेकाने उतरतं. शंका असेल तर दाताचा एक्स-रे काढून घ्याच. अंदाजाने दाढ वाचवायची नाही आणि अंदाजाने घालवायचीही नाही.

इथे घरगुती उपाय थांबवायचे

फायब्रो असला की सगळ्या तक्रारी त्याच्याच खात्यात टाकायची सवय घरच्यांना लागते, डॉक्टरांना लागते आणि आपल्यालाही. पुढच्या गोष्टी त्या खात्यात टाकू नका.

चालताना किंवा जिना चढताना जबडा दुखतो आणि बसल्यावर थांबतो, किंवा जबड्याबरोबर छातीत दाब, दरदरून घाम, धाप, मळमळ असं काही आहे. हे हृदयाचं असू शकतं. बायकांमध्ये हृदयविकाराचा झटका छातीत फारसं न दुखता जबडा, मान, पाठ यांतूनही बोलतो. १०८ ला फोन करा, दातांच्या डॉक्टरांची वाट बघू नका.

वय पन्नाशीच्या पुढे आहे, कानशिलावर नवीनच डोकेदुखी सुरू झाली आहे, केस विंचरताना डोक्याची त्वचा हुळहुळते, चार घास चावले की जबडा भरून येतो आणि थांबलं की बरं वाटतं. ही डोक्याच्या रक्तवाहिन्यांची सूज असू शकते आणि ती नजर घेऊ शकते. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. डोळ्यांपुढे अंधारी येत असेल किंवा एकाचे दोन दिसत असतील तर थेट इमर्जन्सीत जा.

तोंड महिन्यागणिक कमी उघडत चाललंय, तिखट लागलं की आग होते, गालाच्या आत पांढुरकं, ताठर लागतं, आणि सुपारी, गुटखा किंवा माव्याची सवय आहे किंवा होती. हा सुपारीमुळे होणारा सबम्युकस फायब्रोसिस असू शकतो. तो कर्करोगाकडे झुकू शकतो. जबड्याचे व्यायाम करत बसायची ही वेळ नाही. जेवणानंतर “थोडीशीच” सुपारी खाणाऱ्या घरातल्या मोठ्या माणसांनाही हे वाचून दाखवा.

याखेरीज ताप आणि गालावर सूज, तोंडातली तीन आठवड्यांत न भरलेली जखम, गाठ, चेहऱ्यावर बधिरपणा, विजेच्या झटक्यासारखी सेकंदभराची चमक, उघडलेलं तोंड मिटताच न येणं. प्रत्येकाला डॉक्टर हवेत, आणि तोंड उघडं अडकलं तर लगेच हवेत. तोंड एकाएकी एक-दीड बोटापलीकडे उघडेनासं झालं, तर ताकद लावून उघडू नका. शेक घ्या, मऊ खा आणि दोन-चार दिवसांत दाखवा. चकती अडकलेली असेल तर लवकर गेलेलं बरं.

दुसरं पाऊल : दात सुटे ठेवायला शिका

सगळ्या उपायांत मला सर्वांत जास्त फायदा याने झाला आणि याला एक पैसा लागत नाही.

दात एकमेकांना लागायला हवेत ते चावताना आणि गिळताना. दिवसभरात तो वेळ मोजका असतो. बाकी सगळा वेळ ओठ मिटलेले, दात सुटे आणि जीभ टाळूला, हीच जबड्याची विश्रांतीची जागा. जीभ कुठे ठेवायची कळत नसेल तर “न” म्हणा आणि जीभ जिथे टेकते तिथेच हलकी राहू द्या. तेवढ्याने दात आपोआप सुटतात.

ऐकायला हे सोपं वाटतं, पण दिवसभर आठवण राहत नाही. मला आठवण रेल्वेने करून दिली. ऐरोलीहून वाशीला जाताना “पुढील स्टेशन रबाळे” असं ऐकलं की मी दात तपासायचे. मग घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. जाताना सहा वेळा, येताना पुन्हा सहा. पहिल्या आठवड्यात जवळपास दर स्टेशनला दात घट्ट मिटलेले सापडायचे, आणि मी तोवर स्वतःला “मी दात खात नाही” असं सांगत होते. तुम्ही घरी असाल तर कुकरची शिट्टी, दाराची बेल, फोनची रिंग, काहीही चालेल. आठवण झाली की एक श्वास नाकाने आत, बाहेर सोडताना जबडा सोडा, खांदे खाली. एवढंच. पुन्हा आवळले गेले म्हणून स्वतःवर चिडायचं नाही, चिडलं की आवळले जातातच.

दात नकळत आवळण्याच्या ठरलेल्या जागा शोधा. ठाण्याच्या घोडबंदर रोडवर खड्डे चुकवत स्कूटर चालवताना, जिन्यावरून सामान नेताना, कॉम्प्युटरवर मान पुढे काढून बसल्यावर, मोबाइल खांदा आणि गालात धरून भाजी चिरताना. हेल्मेटचा पट्टा हनुवटीच्या हाडाखाली जबडा मागे रेटत असेल तर तो नीट बसवून घ्या. हेल्मेट मात्र सोडू नका. फोनला इअरफोन लावा. हनुवटीखाली तळहात टेकून टीव्ही बघायची सवय सोडा.

तिसरं पाऊल : शेक, आणि मग अगदी थोडी हालचाल

गरम पाण्यात पिळलेला नॅपकिन किंवा कपड्यात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी दोन्ही गालांवर आणि कानशिलांवर दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोनदा. पिशवी उशीवर ठेवून तिच्यावर झोपू नका, डोळा लागला तर भाजेल. नुकतीच उसण भरली असेल तर काहींना बर्फ बरा वाटतो, पण फायब्रो असलेल्या अनेकांना गार सोसत नाही. तुम्हाला सोसत नसेल तर हट्ट नको.

शेकानंतर स्नायू सैल असताना व्यायाम. छापील कागदांवर सहसा “सहा वेळा, दिवसातून सहादा” असं लिहिलेलं असतं. आपल्यासाठी ती सुरुवात नाही. तीन वेळा, दिवसातून दोनदा, इथून सुरू करा.

१. जीभ टाळूला टेकवून तोंड उघडा. जीभ सुटायच्या आत थांबा आणि सावकाश मिटा. हनुवटी आरशात सरळ खाली जायला हवी.

२. हनुवटीखाली एक बोट ठेवा आणि त्या बोटाच्या विरोधात तोंड किंचित उघडायचा प्रयत्न करा, पाच सेकंद. दाब इतकाच, की बोटाखाली भाजलेला पापड असता तर तुटला नसता. मग बोट हनुवटीच्या डाव्या, नंतर उजव्या बाजूला ठेवून तसंच.

३. भिंतीला पाठ टेकून बसा. हनुवटी खाली न झुकवता सरळ मागे घ्या, मानेचा मागचा भाग लांब झाल्यासारखा वाटला पाहिजे. पाच सेकंद. जबडा मानेवर टांगलेला आहे, मान पुढे गेली की त्याचे स्नायू ओढले जातात.

४. शेवटी मालिश. गालाच्या हाडापासून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत बोटांच्या पेरांनी, तेलाचा थेंब घेऊन, वरून खाली, अर्धा मिनिट. “गाठी फोडायच्या” म्हणून जोर लावणारं कुणी भेटलं तर नम्रपणे नाही म्हणा.

यावर एक नियम ठेवा, मी त्याला उद्याचा नियम म्हणते. करताना थोडं ओढल्यासारखं वाटलं तर चालतं, पण दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलेलं असेल तर संख्या निम्मी करा. दोन दिवस ठीक गेले तर एक वाढवा. बरा दिवस उगवला की सगळं उरकून टाकायची आपली सवय जबड्यालाही भोवते.

जांभई आली की जीभ टाळूला दाबा आणि हनुवटीखाली मूठ धरा, तोंड फार उघडत नाही.

चौथं पाऊल : ताटात काय असावं

दुखणं भडकलेलं असताना दोन आठवडे मऊ खायचं. पण नुसती पेज आणि सूप पिऊन दिवस काढू नका, अशक्तपणाने फायब्रो आणखी उचल खातो. मऊ भात-वरण-तूप, मेतकूट-भात, मुगाची खिचडी, पिठलं, मुगाचं धिरडं, घावन, इडली, दही, पनीर, अंडाभुर्जी. मासे खात असाल तर ओले बोंबील यासारखं दुसरं काही नाही. उपवासाला साबुदाण्याची खिचडी चिवट लागते, त्यापेक्षा भगर.

भाकरी सोडायची गरज नाही, ती कुस्करा. दुधात, ताकात, आमटीत. पोळी गरम असताना तूप लावून फडक्यात गुंडाळली तर मऊ राहते, पण ऑफिसच्या डब्यात दुपारी एकपर्यंत ती चामडं होते. दुखण्याच्या दिवसांत डब्यात भात न्या, लोक काय म्हणतील ते म्हणोत. शेवग्याची शेंग दातांनी ओढून खाऊ नका, चमच्याने गर काढा. शेंगदाण्यांऐवजी कूट. मिसळीतलं फरसाण रश्श्यात पूर्ण भिजू द्या. वडापाव खायचा तर हाताने तुकडे करून. त्याला लागणारा मोठा “आ” हाच खरा त्रास आहे. पावसात ठाण्याच्या उपवन तलावावर कणीस खायचा मोह होतो, मला दरवर्षी होतो. दाणे सोलून घ्या. चिक्की, ऊस, सुकं खोबरं, कडक चकली, च्युइंगम आणि दुसऱ्या-तिसऱ्यांदा तोंडात टाकलेली बडीशेप ही काही दिवस बाजूला.

घास दोन्ही बाजूंनी चावा. चहा-कॉफी संध्याकाळनंतर टाळा, कॅफिनने झोप तुटते आणि दात आवळणंही वाढू शकतं. आणि दोन आठवड्यांनी हळूहळू नेहमीच्या जेवणावर या, कारण न वापरलेले स्नायू आणखी लवकर दमतात.

पाचवं पाऊल : रात्र

पालथं झोपू नका, मान वळलेली राहते आणि जबड्यावर रात्रभर भार येतो. पाठीवर किंवा कुशीवर झोपा. कुशीवर असाल तर उशी मानेची पोकळी भरून काढेल इतपत उंच हवी आणि हात गालाखाली नको.

झोपेत दात खाण्याचा करकर आवाज शेजारी झोपणाऱ्याला येतो, आपल्याला नाही. घरात विचारा. घोरणं आहे का, मध्येच श्वास थांबल्यासारखा होतो का, हेही विचारा. झोपेत श्वास अडणं आणि दात खाणं बऱ्याचदा बरोबर असतं, आणि त्यासाठी झोपेची तपासणी लागते. सकाळचा थकवा फायब्रोचाच समजून मी ही तपासणी दोन वर्षं पुढे ढकलली. तुम्ही ढकलू नका.

नाइटगार्ड म्हणजे झोपताना दातांवर बसवायचं आवरण. त्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. दात झिजत असतील, कॅप फुटत असतील तर दात वाचवायला तो घ्या. माप घेऊन बनवलेला, सगळे दात झाकणारा, कडक ॲक्रिलिकचा. दुखणं जाईल एवढ्याच आशेवर महागडा घेऊ नका. २०२३ साली बीएमजे या ब्रिटिश नियतकालिकात जुनाट जबडेदुखीवर मार्गदर्शक सूचना आल्या. त्यात देखरेखीखालचे व्यायाम, हाताने केले जाणारे उपचार, घरचे व्यायाम आणि माहिती, तसंच विचार-वर्तन उपचार यांना जोरदार पाठिंबा आहे. स्प्लिंट (नाइटगार्डसारखी दातांवर बसवायची आवरणं), बोटॉक्स, स्टिरॉइडची इंजेक्शनं, लेझर यांचा वापर शक्यतो करू नये असं म्हटलं आहे, आणि दातांची ठेवण कायमची बदलणाऱ्या स्प्लिंटला ठाम नकार आहे. काहींना नाइटगार्डने बरं वाटतं, तसं असेल तर वापरा. पण तो घातल्यावर सकाळी दात नीट जुळेनासे झाले तर बंद करून डॉक्टरांना दाखवा. ऑनलाइन मिळणारे, गरम पाण्यात मऊ करून चावायचे गार्ड महिनोन्‌महिने वापरू नका.

औषधांची एक गोष्ट

फायब्रोसाठी दिल्या जाणाऱ्या ड्युलॉक्सेटिनसारख्या गोळ्यांनी काहींचं दात आवळणं वाढतं. गोळी सुरू झाल्यावर किंवा डोस वाढल्यावर काही आठवड्यांत जबडा दुखायला लागला असेल तर तारखा लिहून डॉक्टरांना दाखवा. गोळी स्वतःहून एकदम बंद करायची नाही, त्याचे वेगळे त्रास होतात. ॲमिट्रिप्टिलिन आणि प्रीगाबालिनने तोंड कोरडं पडतं आणि कोरड्या तोंडात कीड लवकर लागते. घोट घोट पाणी, फ्लोराइडची पेस्ट, दर सहा महिन्यांनी दात तपासणं. मेडिकलमधून उठसूट पेनकिलर आणू नका. महिन्यातले निम्मे दिवस गोळी घेतली तर त्या गोळीमुळेच डोकं दुखायला लागू शकतं.

सहावं पाऊल : कुणाकडे जायचं

सहा-आठ आठवड्यांत फरक नाही, किंवा निदानाचीच शंका आहे, तर दाखवा. या बाबतीत नवी मुंबईकर सुदैवी आहेत. नेरुळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, सीबीडी बेलापूरला भारती विद्यापीठ, खारघरला वाय. एम. टी., कामोठ्याला एमजीएम अशी डेंटल कॉलेजं हार्बर लाइनच्या कडेने आहेत, आणि ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने नेरुळला थेट जाता येतं. डेंटल कॉलेजच्या ओपीडीत पहिली तपासणी सहसा ओरल मेडिसिन विभागात होते, जबड्याच्या दुखण्यासाठी विभागही तोच. खर्च सहसा खासगी क्लिनिकपेक्षा कमी, वेळ मात्र जास्त जातो. अर्धा दिवस, पाण्याची बाटली आणि पाठीला उशी घेऊनच जा. बरोबर फिजिओथेरपिस्ट हवा, पण “जबड्याचे रुग्ण तुम्ही बघता का?” हे फोनवरच विचारा. आणि तुमच्या ऱ्हुमॅटॉलॉजिस्टला कळवा. इतर सांध्यांना सूज आणि सकाळी तासभर आखडलेपण असेल, तर आमवात जबड्याच्या सांध्यात उतरला आहे का हे तेच तपासतील.

सुरुवातीला साधा ओपीजी एक्स-रे (सगळे दात आणि जबडा एकाच फोटोत दाखवणारा) पुरतो. एमआरआय लागतो तो तोंड अडकत असेल किंवा सांध्याच्या आत काही बिघाड वाटत असेल तर. एमआरआयमध्ये चकती थोडी सरकलेली दिसली म्हणून घाबरू नका, न दुखणाऱ्या अनेकांचीही तशी असते.

कुणी कायमचा बदल सुचवला तर तीन प्रश्न विचारा. हे केलं नाही तर काय होईल? हे मागे फिरवता येईल का? माझ्या फायब्रोमायल्जियाचा यात विचार केला आहे का? उत्तर मिळेपर्यंत तारीख घेऊ नका. अमेरिकेत १९८० च्या दशकात जबड्याच्या चकतीच्या जागी टेफ्लॉनचे तुकडे बसवले गेले. ते झिजून आजूबाजूचं हाड खराब होऊ लागलं आणि १९९० च्या सुमारास ते मागे घ्यावे लागले. काही लोकांचा जबडा कायमचा गेला. ती साधनं आता नाहीत, पण घाई अजून आहे.

दातांच्या खुर्चीत बसायचं असेल तर

कीड लागली तर भरावीच लागते. एका तासाच्या उपचाराने मात्र आपला जबडा आठवडाभर धरतो, त्यामुळे तयारी लागते.

अपॉइंटमेंट घेतानाच सांगा, “मला फायब्रोमायल्जिया आहे, तोंड जास्त वेळ उघडं ठेवता येत नाही.” एका लांब बैठकीऐवजी दोन छोट्या मागा. आपला दिवसातला बरा वेळ कोणता ते बघून वेळ घ्या. माझा अकरानंतरचा, सकाळी नऊची वेळ मी आता घेतच नाही. चालू गोळ्यांची यादी कागदावर न्या. निघण्याआधी दहा मिनिटं शेक. मानेखाली ठेवायला छोटा गुंडाळलेला टॉवेल, आणि क्लिनिकच्या एसीत खांदे आखडतात म्हणून ओढणी किंवा शाल.

खुर्चीत बसल्यावर हाताची खूण ठरवून घ्या. डावा हात वर झाला की थांबायचं. दाढांमध्ये ठेवायचा रबरी ठोकळा मागा, म्हणजे तोंड उघडं धरून ठेवायचं काम स्नायूंना करावं लागत नाही. ठोकळा लहान मापाचा हवा. दर सात-आठ मिनिटांनी तो काढून तोंड मिटायला मिनिटभर सवड मागा. मागताना संकोच वाटतो, मागे रांग असते, डॉक्टर घाईत असतात. तरी मागा. मी तिसऱ्या भेटीपर्यंत गप्प बसत होते आणि दर वेळी चार दिवस रजा टाकत होते.

बधिर करण्याचं इंजेक्शन पुरेसं चढलं नसेल तर सोसू नका, लगेच सांगा. घरी आल्यावर बधिरपणा उतरेपर्यंत खायचं नाही, गाल चावला जातो. मग शेक, कोमट मऊ भात, आणि दुसऱ्या दिवशी जबड्याचे व्यायाम निम्मे. त्या दिवशी पाहुणे, बँक, बाजार काही ठरवू नका. फोनवर लांब गप्पासुद्धा नकोत, बोलण्यातही हेच स्नायू लागतात.